स्वतःच्या गाण्यावर उपयोगी पडेल असा अभिप्राय कसा मागायचा आणि कसा द्यायचा?

सांजसूर

नमस्कार मंडळी,

घरी रेकॉर्ड केलेलं एक मराठी गाणं आहे. भावगीताच्या अंगाचं, दादरा (सहा मात्रांचा ताल), पट्टी काळी दोन, लांबी ४:४०. शब्द आणि चाल दोन्ही माझी. साथीला गिटार, हार्मोनियम आणि तबल्याचे तयार लूप (पुन्हा पुन्हा वाजणारे तुकडे). सगळं काम रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये केलंय. दोन व्हॉट्सॅप ग्रुपवर आणि संगीतकारांच्या एका परदेशी फोरमवर टाकलं. आलेले प्रतिसाद असे:

"अप्रतिम!" (हे बरेच.) "आवाज दबलाय." "आवाज फार पुढे आलाय, साथ ऐकूच येत नाही." "दुसरा अंतरा लांबला." "तबला कंटाळवाणा आहे." "गायक मधूनमधून बेसूर." "मुखड्यातले शब्द कानाला अडखळतात." आणि परदेशी फोरमवरून, "याला ब्रिज हवा" (म्हणजे मध्ये एकदाच येणारा वेगळ्या चालीचा भाग).

यातलं घ्यायचं काय आणि सोडायचं काय? निम्मी मतं एकमेकांच्या विरोधात आहेत. पुढच्या वेळी विचारताना नेमकं काय लिहावं, आणि दुसऱ्यांच्या गाण्यांवर मी काय लिहिलं म्हणजे त्यांना उपयोग होईल, तेही सांगा. तांत्रिक तपशिलाचं वावडं नाही, सविस्तर लिहिलंत तरी चालेल.

मिक्सघर

प्रश्न "कसं वाटलं?" असा गेला असेल तर उत्तरं अशीच विखुरलेली येणार. ऐकणाऱ्यातला कुणी शब्दांवर बोलतो, कुणी गळ्यावर, कुणी मिक्सवर. गाणं चार टप्प्यांतून जातं: चाल आणि शब्द, संयोजन, मिक्स (सगळे ट्रॅक समतोल करणं), मास्टर (तयार मिक्सची शेवटची पातळी बसवणं). ज्या टप्प्यावर तुमची अजून बदल करायची तयारी आहे तेवढ्याबद्दलच विचारा आणि बाकीचं ठरलेलं आहे हे स्पष्ट लिहा. चाल पक्की व्हायच्या आधी मिक्सवर मतं घेऊ नका. अंतऱ्याची चाल बदलली की ते मिक्स नव्यानं करावं लागतं आणि लोकांनी दिलेला वेळ फुकट जातो.

मी असा मजकूर टाकेन:

"दादरा, काळी २, ४:४०. मुखडा आणि दोन अंतरे. चाल, शब्द ठरलेले आहेत. दोनच प्रश्न: १:५० ते २:३५ मध्ये लक्ष कुठे सुटतं? दुसऱ्या अंतऱ्यातला कुठला शब्द कळला नाही? कशावर ऐकलं तेही लिहा: फोन, इयरफोन, गाडी, मोठे स्पीकर. फाइल मास्टर केलेली नाही म्हणून हळू वाजेल, व्हॉल्यूम वाढवून ऐका."

प्रश्न दोनच असू द्या. सहा प्रश्न विचारले की लोक पहिल्याचं उत्तर देतात आणि निघून जातात.

आता फाइल. व्हॉट्सॅपवर माइकचं बटण दाबून पाठवलेला व्हॉइस मेसेज बोलण्यासाठी बनलेला असतो, त्यात ध्वनी इतका दाबला जातो की मिक्सवर मत मागण्यात अर्थच उरत नाही. फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा, म्हणजे जशीच्या तशी पोचते. ३२० केबीपीएसचा एमपी३ मिनिटाला २.४ एमबी, म्हणजे तुमचं गाणं ११ एमबीच्या आसपास. तेच २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचं वेव्ह मिनिटाला १७ एमबीच्या वर जातं, पूर्ण गाणं ८० एमबी. एवढं वजन फक्त मिक्स करणाऱ्याला पाठवा, श्रोत्याला नको. यूट्यूबवर टाकायचं असेल तर 'अनलिस्टेड' ठेवा, म्हणजे लिंक असलेल्यालाच दिसेल. पण तिथे एक गोष्ट ध्यानात असू द्या. यूट्यूब −१४ एलयूएफएसपेक्षा (हे कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) मोठं गाणं खाली आणतं, हळू गाणं वर उचलत नाही. तुमचं −२० वर असेल तर शेजारच्या व्यावसायिक गाण्यापेक्षा ते हळूच वाजणार, आणि त्या फरकाला लोक "दम नाही" म्हणतील.

ही मोठ्या-हळूची बाब सगळ्यात जास्त फसवते. एकच मिक्स एक डीबीनं (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) वर केलं तरी बहुतेकांना ते 'चांगलं' वाटतं. म्हणून 'जुनं का नवं' असं मत मागताना दोन्ही फाइली लाउडनेस मीटरवर मोजून अर्ध्या डीबीच्या आत आणा. यूलीन या मीटरची फुकट आवृत्ती त्याला पुरते. आवडत्या गाण्याशी तुलना करायची तर ते गाणं खाली आणा. आपलं डेमो लिमिटरखाली (आवाजाची शिखरं दाबणारं साधन) चिरडून वर नेऊ नका.

तुम्हाला आलेली मतं आता एकेक बघू.

"आवाज दबलाय" आणि "आवाज फार पुढे आलाय" ही दोन्ही मतं बहुधा खरी आहेत. फोनच्या स्पीकरवर ३०० हर्ट्झच्या खालचं जवळजवळ काही वाजत नाही. डग्गा (तबल्याच्या जोडीतला डावा) आणि गिटारच्या जाड तारा तिथे गायब होतात, उरतो गळा. गाडीत किंवा हेडफोनवर तोच खालचा भाग परत येतो आणि गळ्यावर बसतो. कशावर ऐकलं हे कळल्याशिवाय फेडर (ट्रॅकची पातळी बदलणारा दांडा) हलवू नका. दोन्ही तक्रारी जागेवर असतील तर गळ्याची पातळी तशीच ठेवा आणि खालची गर्दी कमी करा: गिटारला ९०–१०० हर्ट्झखाली हाय-पास (त्याखालचा आवाज गाळणारा फिल्टर), २५० च्या आसपास २–३ डीबी कमी, म्हणजे डग्ग्याला जागा होते.

"गायक बेसूर" हे वाचून लगेच पिच करेक्शनकडे (सूर दुरुस्त करणाऱ्या सॉफ्टवेअरकडे) धावू नका, आधी साथ तपासा. लूप मुळात काळी एकचा आहे का? गाणं काळी दोनमध्ये असेल तर दायां (जोडीतला उजवा तबला) सरळ दोन सेमिटोननी, म्हणजे पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांनी, खाली बोलतोय, आणि ऐकणाऱ्याला 'काहीतरी' बेसूर लागतं. नाव मात्र गायकाचं घेतलं जातं. दुसरी जागा हार्मोनियम. गिटार अॅपवर ४४० ला मिळवलेली असते, पण जुनी पेटी नेमकी ४४० वर असेलच असं नाही. ट्यूनर लावून पेटीचा षड्ज धरा. १०–१५ सेंटचा (सेंट म्हणजे सेमिटोनचा शंभरावा भाग) फरक दिसला तर गिटार पेटीला मिळवून पुन्हा रेकॉर्ड करा, पेटी काही घरी मिळवता येणार नाही. एवढं केल्यावरही एखादा स्वर खटकला तरच गळ्याला हात लावा. पिच करेक्शनचा वेग शून्यावर ठेवलात तर मींडेच्या (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याच्या) पायऱ्या होतात. वेग हळू ठेवा आणि फक्त तो एकच स्वर दुरुस्त करा.

"दुसरा अंतरा लांबला" आणि "तबला कंटाळवाणा" ही दोन माणसं एकाच जागेबद्दल बोलत असावीत. वेळ विचारून घ्या. दादरा मिनिटाला १५० मात्रांचा धरला तर एक आवर्तन (तालाचा एक फेरा) २.४ सेकंदांचं. दोन आवर्तनांचा लूप दर ४.८ सेकंदांनी परत येतो. ४५ सेकंदांच्या अंतऱ्यात तो नऊ वेळा हुबेहूब तसाच वाजतो, आणि पहिल्या अंतऱ्यात तो आधीच नऊ वेळा वाजून गेलेला असतो. हात बसलेला तबलजी असं करत नाही. तो अंतऱ्याच्या सुरुवातीला हात हलका करतो, मध्ये लग्गी (जलद बोलांचा ठेका) घेतो, मुखड्यावर येताना तिहाई (तीनदा वाजणारा तुकडा) टाकतो. लूपवरच काम भागवायचं असेल तर दुसऱ्या अंतऱ्याची पहिली दोन आवर्तनं तबल्याशिवाय जाऊ द्या, नंतर वेगळा लूप घ्या, आणि मुखड्याआधीचं शेवटचं आवर्तन कापून तिथे तिहाईचा तुकडा बसवा. अंतरा एक सेकंदही कमी न करता 'लांबला' ही तक्रार जाते का बघा.

थोडक्यात वाचायचं कसं, तर तिघांनी एकाच दहा सेकंदांवर बोट ठेवलं असेल तर तिथे नक्की काहीतरी आहे. त्यांनी सुचवलेले उपाय मात्र तीन दिशांना जातील, कारण उपाय शोधायला ट्रॅक सुटे करून ऐकावे लागतात आणि ते त्यांच्याकडे नाहीत. ते काम तुमचंच. त्या जागी एकेक ट्रॅक बंद करून ऐका.

लघुगुरू

मिक्सघर यांनी आवाजाचं लिहिलंच आहे. मी शब्दांच्या तक्रारीबद्दल लिहितो, कारण "शब्द अडखळतात" हे मत देणाऱ्याला कारण सांगता येत नाही आणि घेणारा ते "कविता जमली नाही" असं वाचतो. बहुतेक वेळा कविता ठीक असते, ती तालावर बसवताना सम (आवर्तनाची पहिली मात्रा) चुकीच्या अक्षरावर आलेली असते.

उदाहरणासाठी एक ओळ घेऊ: 'ओसरीत सांजवेळ वाट पाहते'. मात्रा मोजा. ओ-स-री-त, म्हणजे २+१+२+१, सहा. सां-ज-वे-ळ, पुन्हा सहा. वाट ३, पाहते ५, एकूण आठ. दादऱ्यात ही ओळ सरळ मात्रेला मात्रा बसवली तर अशी पडते:

ओ ऽ स री ऽ त | सां ऽ ज वे ऽ ळ | वा ऽ ट पा ऽ ह | ते ऽ ऽ ऽ ऽ ऽ

पहिली दोन आवर्तनं छान. तिसऱ्यात 'पाह' वर शब्द तुटतो आणि 'ते' हा नुसता प्रत्यय समेवर येऊन सहा मात्रा लांबतो. ऐकणाऱ्याला 'वाटपाह… तेऽऽ' असं काहीतरी ऐकू येतं. शब्द बदलायची गरजच नाही, असं करून बघा:

ओ ऽ स री ऽ त | सां ऽ ज वे ऽ ळ | वा ऽ ऽ ऽ ऽ ट | पा ऽ ह ते ऽ ऽ

आता चारही समा ओ, सां, वा, पा या शब्दारंभीच्या दीर्घ अक्षरांवर आहेत. 'पाहते' अख्खा राहिला. आणि 'वाट' लांबली, जी अर्थालाही धरून आहे. दुसरा मार्ग शब्दाचा: 'वाट बघे' म्हटलं की २+१+१+२, बरोबर सहा मात्रा होतात. पण त्यानं भाषेचा पोत बदलतो, 'बघे' थोडं जुन्या वळणाचं लागतं. यातलं कुठलं निवडायचं हा गीतकाराचा अधिकार. अभिप्राय देणाऱ्यानं एवढंच दाखवावं की समेवर 'ते' आलंय.

आणखी दोन जागा नेहमी तपासाव्यात. एक, ऱ्हस्व अक्षरावर लांब स्वर. 'मन' मधल्या 'म' ला चार मात्रा ओढलं की 'मान' ऐकू येतं, 'दिन' चा 'दीन' होतो. दोन, तानेत किंवा मुरकीत सापडलेलं जोडाक्षर. 'स्पर्श', 'अव्यक्त' असे शब्द द्रुत हरकतीवर ठेवले तर गळा एक तर स्वर सोडतो किंवा अक्षर. हरकत शब्द संपल्यावर, मोकळ्या आकारावर घ्या.

शब्द कळतात की नाही हे विचारून कळत नाही. "शब्द कळले का?" म्हटलं की लोक "हो" म्हणतात. त्यापेक्षा ज्यांनी तुमची कविता वाचलेली नाही अशा दोघांना फक्त दुसरा अंतरा एकदा ऐकवा आणि जे ऐकू आलं ते लिहून पाठवायला सांगा. दोघांच्याही कागदावर एकच जागा कोरी असेल किंवा भलताच शब्द असेल तर ती जागा दुरुस्तीची. आधी वरच्या पद्धतीनं मात्रा तपासा. मात्रा बरोबर असतील तर दोष मिक्सचा: त्या शब्दापुरता गळा एक-दीड डीबी वर घ्या, किंवा पेटी तिथे थांबवा. पेटी गळ्याच्याच सप्तकात, गळ्याचीच चाल वाजवत असेल तर व्यंजनं झाकली जातात. मैफलीत गायक समोर दिसत असतो, ओठ दिसतात, त्यामुळे तिथे हे चालून जातं. रेकॉर्डिंगमध्ये पेटी ओळींच्या मधल्या जागा भरायला ठेवावी.

हे सगळं स्वतःच्या गाण्यात स्वतःला ऐकू येत नाही. शब्द पाठ असतात, मेंदू गाळलेलं भरून काढतो. म्हणूनच पहिल्यांदा ऐकणारा माणूस मोलाचा, आणि एका माणसाकडून पहिलं ऐकणं एकदाच मिळतं. सगळ्यांना पहिलाच खर्डा पाठवू नका. आठ जण असतील तर तिघांना आता द्या, तिघांना संयोजन झाल्यावर, दोघांना मास्टरच्या आधी.

सांजसूर

'समेवर ते' वाचून मुखडा मोजला, दोन ठिकाणी तसंच आहे. दोघांचेही मनापासून आभार. आता उलट बाजू. ग्रुपवर इतरांची गाणी येतात तेव्हा काय लिहावं? आणि परदेशी फोरमवर टाकावं की नाही?

तानपुरा४

लिहिण्याआधी तीनदा ऐका. पहिल्यांदा न थांबता, काही न लिहिता. दुसऱ्यांदा हेडफोन लावून, वेळा टिपत. तिसऱ्यांदा फक्त त्यांनी विचारलेल्या प्रश्नापुरतं. साडेचार मिनिटांच्या गाण्याला यात पंधरा-वीस मिनिटं जातात. तेवढा वेळ नसेल तर "मिनिटभरच ऐकलं" हे लिहून त्या मिनिटाबद्दल बोला, तेही उपयोगी असतं. सुरुवातीची तीस सेकंदं लोकांना धरून ठेवतात का हे त्यातूनच कळतं.

प्रतिसादात तीन गोष्टी याच क्रमानं याव्यात: वेळ, काय ऐकू आलं, त्यानं ऐकताना काय झालं. उपाय चौथा, आणि तो मागितला असेल तर.

नेहमी दिसणारा प्रतिसाद: "मिक्स मडी (गढूळ) आहे, ईक्यू (आवाजाच्या पट्ट्या कमी-जास्त) करा."

त्याच कानानं लिहिलेला कामाचा प्रतिसाद: "०:४८ ते १:०५, वायरवाल्या इयरफोनवर. गिटार भरून आल्यावर ओळीचे शेवटचे शब्द कळले नाहीत, दोनदा मागे जावं लागलं. गिटार आणि डग्गा एकमेकांत गुंतल्यासारखे वाटले. १:०५ ला गिटार थांबते तिथून पुन्हा स्पष्ट आहे." हे वाचून समोरचा पाच मिनिटांत ती जागा शोधतो. शिवाय कुठे ठीक आहे हेही त्याला कळलं.

कौतुकालाही वेळ जोडा. "२:१० ला कोमल निषादावर थांबलात, तिथे एकदम लक्ष वेधलं" हे लिहिलं नाही तर पुढच्या आवृत्तीत तीच जागा 'सफाई' करताना निघून जाते. काय काढू नका हे सांगणं अभिप्रायाचा अर्धा भाग आहे आणि तोच सगळ्यात कमी लिहिला जातो.

दोष आणि आवड वेगळ्या वाक्यांत ठेवा. क्लिपिंग (पातळी ओलांडल्यानं फाटलेला आवाज), एडिटचा 'टक्' आवाज, सुरात न जुळणारा लूप, मोनोमध्ये (डावी-उजवी बाजू एकत्र करून ऐकताना) पातळ होणारा गळा हे दोष. दुसरा कुणीही ऐकून खात्री करू शकतो. "लय संथ वाटली", "मला सतार आवडली असती" ही आवड, तिच्याआधी 'मला' हा शब्द असलाच पाहिजे. मोनोचा दोष मुद्दाम तपासा. गळा डबल करून किंवा स्टीरिओ वाइडनर लावून पसरवलेला असेल तर एकाच स्पीकरवर, म्हणजे लहान ब्लूटूथ डब्यावर, तो खड्ड्यात जातो. मास्टर बसवर (जिथे सगळे ट्रॅक एकत्र येतात तिथे) मोनो बटण दाबलं की लगेच कळतं.

स्वतःच्या गाण्यावर मतं येत असताना पहिला दिवस काहीही समजावून सांगू नका. "ते मुद्दाम तसं केलंय" असं लिहिलंत की पुढचा माणूस तोंडातलं वाक्य गिळतो. फक्त विचारा: "नेमकं कुठे?", "कशावर ऐकलंत?" नंतर बदल करून आवृत्तीचा क्रमांक लावा आणि काय घेतलं ते कळवा: "मिक्स ३: दुसऱ्या अंतऱ्यात तबला उशिरा येतो." मत देणाऱ्याला आपलं बोलणं कुठे पोचलं ते दिसलं तर तो पुन्हा वेळ काढतो. एका आवृत्तीत एकाच जातीचा बदल करा, नाहीतर कशानं सुधारलं ते कुणालाच कळत नाही.

प्रत्यक्ष बोलून मतं घ्यायची असतील तर लिझ लर्मन या अमेरिकन नृत्यदिग्दर्शिकेनं १९९० मध्ये मांडलेली चार पायऱ्यांची पद्धत चांगली चालते. आधी ऐकणारे फक्त काय भिडलं, काय लक्षात राहिलं ते सांगतात. मग रचनाकार आपले प्रश्न विचारतो. मग ऐकणारे प्रश्न विचारतात, पण मत न मिसळता: "इतकी सावकाश लय का?" असं नाही, "लय ठरवताना काय डोक्यात होतं?" असं. शेवटी मत द्यायचं, तेही "अंतऱ्याबद्दल एक मत आहे, सांगू?" असं विचारून, आणि रचनाकाराला "नको" म्हणायची मुभा असते. मराठी ग्रुपमध्ये ज्येष्ठांसमोर ही चौथी पायरी अवघड जाते, म्हणून सूत्रधार एक नेमावा आणि परवानगी त्यानं विचारावी.

झूमवर ऐकवत असाल तर 'ओरिजिनल साउंड' चालू करा. नाहीतर त्यातलं गोंगाट गाळणारं यंत्र एकसुरी आवाजाला गोंगाट समजतं आणि तंबोरा खाऊन टाकतं. त्याहून चांगलं म्हणजे फाइल आधी पाठवून सगळ्यांनी आपापल्याकडे वाजवावी आणि मग बोलायला जमावं.

परदेशी फोरमबद्दल. मिक्ससाठी जरूर टाका, गिटार-डग्ग्याची गर्दी ओळखायला मराठी यावं लागत नाही. रचनेबद्दल विचारणार असाल तर दोन ओळी आधी लिहा: मुखडा दर अंतऱ्यानंतर परत येतो, ताल सहा मात्रांचा आहे, मींड आणि आंदोलन (स्वर हळुवार झुलवणं) हेतुपुरस्सर आहे. नाहीतर "ब्रिज घाला" आणि "पिच दुरुस्त करा" हीच उत्तरं येतात. त्यांच्या परिचयाची गाणी व्हर्स, कोरस, ब्रिज अशा बांधणीची असतात, त्या मापानं ते तुमचं मोजतात. रेडिटवर 'वुई आर द म्युझिक मेकर्स'सारख्या ठिकाणी अभिप्रायासाठी वेगळे धागे असतात. तिथेच टाका, आणि आधी दोन-तीन जणांच्या गाण्यांवर नीट लिहा. फेब्रुवारीत चालणाऱ्या 'फॉम' उपक्रमात २८ दिवसांत १४ गाणी लिहायचं लक्ष्य असतं. कच्चं गाणं कच्चं म्हणूनच ऐकलं जावं असं वाटत असेल तर ती जागा सोयीची.

ठेका

एक दुरुस्ती सुचवतो. मास्टर न केलेली फाइल फक्त वाजवणाऱ्या-गाणाऱ्या ग्रुपवर टाका. नातेवाईक आणि मित्रांच्या ग्रुपवर "व्हॉल्यूम वाढवून ऐका" हे कुणी वाचत नाही. तिथे लिमिटर लावून −१४ एलयूएफएसच्या आसपास, ट्रू पीक (आवाजाचं सगळ्यात वरचं टोक) −१ डीबी अशी साधी प्रत द्या आणि एकच प्रश्न विचारा: कालच्या गाण्यातली कुठली ओळ आठवते? दुसऱ्या दिवशी विचारा, त्याच दिवशी नको. मुखड्याऐवजी अंतऱ्याची ओळ आठवत असेल तर मुखडा बदलायचा विचार करायला हरकत नाही. अशा ग्रुपवरच्या "अप्रतिम" चा एवढा उपयोग नक्की होतो.

सांजसूर

पटलं. शेवटची शंका: न प्रसिद्ध केलेली चाल अशी दहा जणांना पाठवणं सुरक्षित आहे का? आणि कुणी सुचवलेली ओळ घेतली तर?

कलम५७

भारतात कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. रचना शब्दांत, स्वरलिपीत किंवा रेकॉर्डिंगमध्ये उतरली की हक्क आपोआप निर्माण होतो, नोंदणी सक्तीची नाही. शब्द आणि चाल या कायद्यानं दोन स्वतंत्र कृती आहेत, ध्वनिमुद्रण तिसरी. नोंदणी करायचीच असेल तर फॉर्म १४ भरावा लागतो. शुल्क शब्दांना ५०० रुपये, चालीला ५०० आणि ध्वनिमुद्रणाला २,०००. नोंदणी केली नाही तरी रीपरची प्रोजेक्ट फाइल, सुटे ट्रॅक आणि ज्या ई-मेलनं खर्डे पाठवले ते ई-मेल जपून ठेवा. वाद झाला तर रचना तुमच्याकडे कधी आणि कशी घडत गेली हे त्यावरून दाखवता येतं. लिंक खासगी ठेवा, डाउनलोड बंद करा. काही स्पर्धांना अप्रकाशित गाणंच लागतं, तिथे यूट्यूबवरची सार्वजनिक प्रत आड येऊ शकते.

"तबला उशिरा आणा", "इथे शब्द तुटतो" या सूचनांमुळे कुणी सहरचनाकार होत नाही. पण कुणी दोन ओळी लिहून दिल्या किंवा अंतऱ्याची चाल गाऊन पाठवली आणि तुम्ही ती वापरली, तर प्रश्न वेगळा. वापरायच्या आधीच लेखी विचारा: "ही ओळ घेतोय. श्रेय कसं देऊ, मानधनात वाटा हवा का?" साध्या मेसेजचं उत्तर मिळालं तरी पुष्कळ. समोरच्याची परवानगी नसेल तर ती ओळ वापरू नका, त्याच जागी स्वतःची लिहा.

ग्रुपवर दुसऱ्यांच्या कवितांना लावलेल्या चालीही येतात, म्हणून हेही लिहून ठेवतो. कवीच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. बालकवी १९१८ मध्ये गेले, त्यांच्या हयातीत छापलेल्या कवितांना चाल लावायला कुणाची परवानगी लागत नाही. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, त्यांच्या कवितांचा हक्क २०५९ च्या अखेरपर्यंत आहे. तिथे चाल तुमची असली तरी गाणं प्रसिद्ध करण्याआधी हक्कधारकांची लेखी परवानगी घ्या. ती कुणाकडे मागायची हे पुस्तकाच्या श्रेयनामावलीच्या पानावरून किंवा प्रकाशकाला विचारून कळतं.